पाचतारे मामांची जाड तार

स्टेजवर चढले की पाचतारे मामा आधी चपला काढायचे. बाकीचे वादक माइकवर 'हॅलो, हॅलो' करत असायचे आणि मामा अनवाणी पायांनी फळ्या चाचपत फिरायचे. एखादी टाचेनं दाबायची, पुढं सरकायचं, पुन्हा दाबायची. मनासारखी फळी सापडली की तिथं उभं राहून पट्टा खांद्यावर घ्यायचा आणि गिटारीची सगळ्यात जाड तार एकदाच छेडायची. मग माझ्याकडं बघून विचारायचे, "आली का?"

यायची. कानात येण्याआधी टाचेत यायची.

"कानाला लई जण हायेत," ते म्हणायचे. "पेटी हाये, ढोलकी हाये, तू सोता हायेस. माझं टाचेनं ऐक." म्हणून मीही चपला काढून गायला शिकले. केदारखेड्याच्या आमच्या गायन पार्टीत मी बारावीत असताना आले. जयंतीच्या दिवसांत भोकरदन, राजूर, जाफराबाद असे आमचे कार्यक्रम असत. दोन हजार माणसांसमोर घसा कोरडा पडला की मी टाच फळीवर रोवायची. खालून ती गुणगुण चढत यायची आणि वाटायचं, आपण पडणार नाही.

पाचतारे हे त्यांचं आडनाव नव्हतं. आमच्या भागात बेस, म्हणजे खर्जाची गिटार, वाजवणारेच मोजके, तेही चार तारांवर. मामांच्या गिटारीला पाच. एका गावानं तर पत्रिकेत 'बेस : मा. पाचतारे साहेब' असंच छापलं. मामांनी ती पत्रिका घरात भिंतीला लावली. मामी म्हणाल्या, "आता राशन कार्डावर बी हेच लिवून आणा." मामा म्हणाले, "साहेब बी लिवतील का बघतो."

ते जालन्याला सळईच्या मिलमध्ये कामाला होते. दिवसभर लाल लोखंडासमोर. त्यामुळं उष्णतेनं काय काय वाकतं हे त्यांना कुणी शिकवायला नको होतं. त्यांची पहिली गिटार लाकडी मानेची होती. आमच्याकडचा उन्हाळा तिला सोसला नाही. ऐन कार्यक्रमात मान पुढं झुकली, तारा मानेवरच्या पट्ट्यांपासून बोटभर वर आल्या, आणि मामा तासभर नुसते उभे राहिले. त्यानंतर त्यांनी संभाजीनगरच्या एका ऑर्केस्ट्रावाल्याला आपली मोटारसायकल दिली आणि बदल्यात कार्बन फायबरच्या मानेची ही पाच तारांची गिटार आणली. काळी, गुळगुळीत, हाताला थंड.

मामींनी अंगणातच गाठलं. "गाडी देऊन दांडकं आणलं व्हय? आता ह्याच्यावर बसा अन् जा मिलला!"

"सायकल हाये की," मामा म्हणाले. शेवटपर्यंत मग सायकलच होती.

मी तेव्हा बी.एस्सी.ला होते. आमच्या घरात कॉलेजची पायरी चढलेली मी पहिलीच, त्यामुळं विचारलेलं आणि न विचारलेलंही सांगायची मला भारी हौस. मामांनी विचारलं, "कार्बन म्हंजी काय गं?"

"कोळसाच, मामा. पण धागे काढलेला. ते धागे चिकटवून दाबतात. ऊन लागू दे नाहीतर पाणी, बदलत नाही."

मामांनी मानेवरून हात फिरवला. मग हसले. "म्हंजी आपल्यातलंच हाये. काळं हाये, पन वाकत न्हाई."

ते मला पाठ्यपुस्तकापेक्षा जास्त पटलं.

सुराच्या बाबतीत त्यांचा एक कायदा होता. "गाणाऱ्याच्या घरी आपण जायचं. त्याला आपल्या घरी बोलवायचं न्हाई." त्या जाड तारेची नेहमीची जागा पेटीवरच्या सफेद सातची. माझा सूर काळी पाच, म्हणजे एक पट्टी खाली. दुसरा कुणी वादक असता तर तार आहे तिथंच ठेवून बोटानं भागवलं असतं. मामा माझ्या गाण्याआधी खुंटी पिळून ती तार माझ्या सुरापर्यंत उतरवायचे, म्हणजे मोकळी छेडली तरी माझाच सा वाजायचा. माझं गाणं झालं की पुन्हा चढवून जागेवर. तशी न चढवता त्यांनी गिटार कधी बॅगेत ठेवली नाही. एकदा पाऊस आला, सगळे पळापळ करत होते, तरी हे खुंटी पिळत उभे. ढोलकीवाला ओरडला, "मामा, जल्दी करा की!" मामा म्हणाले, "तिचं गाणं झालंय. तार घरी नको का जायला?"

पदवी मिळाली तेव्हा निवेदकाला त्यांनी बजावून ठेवलं होतं, आधी 'बी.एस्सी.' म्हणायचं, मग नाव. निवेदक विसरला. मामांनी त्याचा माइक काढून घेतला आणि स्वतः सांगितलं. स्टेजवर मामा माइकवर बोललेले मी तेवढं एकदाच ऐकलं.

पुढं एम.एस्सी., बी.एड., आणि जालन्यात एका ज्युनियर कॉलेजात नोकरी. गाणं मागं पडलं. आता सांगायचं ते सरळच सांगते. एका वर्षी जयंतीचा कार्यक्रम जालन्यात, माझ्या कॉलेजाजवळच ठरला. मामांचा फोन आला. "एकच गाणं म्हण. ल्येकी, लई दिवस झाले." मी हो म्हणाले. मनापासून म्हणाले. मग आमंत्रितांची यादी कळली. आमचे प्राचार्य पहिल्या रांगेत बसणार होते, स्टाफमधले आणखी चारजण येणार होते. स्टाफरूममध्ये मी 'मॅडम' होते. ही आपली मॅडम अनवाणी, गायन पार्टीत, हे त्यांनी बघू नये असं मला वाटलं. ज्या फळीवर उभं राहून मी फीचे पैसे उभे केले, त्या फळीची मला लाज वाटली.

कार्यक्रमाच्या सकाळी मी फोन केला. "मामा, घसा बसलाय."

"बराबर," मामा म्हणाले. "गरम पाणी घे. बोलू नको जास्त."

एवढंच.

पुढच्या महिन्यात मामा गेले. मिलमधून आले, हातपाय धुतले, जेवायला बसले आणि ताटावरच कलंडले. मी मातीला गेले. गिटारीची बॅग कोपऱ्यात उभी होती, तिच्यावर कुणीतरी टॉवेल टाकला होता. मी तिच्याकडं बघायचं टाळलं. नंतर वर्गात शिकवताना बाहेरून जड ट्रक गेला आणि फरशी थरथरली की माझं वाक्य मध्येच तुटायचं. मुलं वाट बघत राहायची. मी खडू हातात धरून उभी, आणि खालून कुणीतरी विचारत असायचं, आली का?

अशी चार वर्षं गेली. या वर्षी जयंतीच्या पंधरा दिवस आधी मामींचा फोन आला. मामांचा पुतण्या प्रमोद आता पार्टीत बेस वाजवतो, त्याला ती गिटार द्यायची होती. "तू येऊन बघून दे, बाई. आम्हाला त्यातलं काय कळतंय?"

मी गेले. बॅग उघडली. तारा काळवंडल्या होत्या. मान मात्र तशीच, सरळ, थंड. एकेक तार छेडत गेले. बारीक चारही जवळपास जागेवर होत्या. मग जाड तार छेडली.

मोबाइलवर पेटीचा सूर लावून पाहिला, गरज नव्हती तरी. काळी पाच.

"मामी, ही शेवटची कधी वाजवली होती त्यांनी?"

"त्याच कार्यक्रमाला. तू न्हाई का, येणार व्हतीस तो." मामी दाराला टेकून बसल्या होत्या. "तुझा फोन आल्ता तरी जाऊन तार उतरवली त्यायनी. समदे म्हणले, मामा, ती न्हाई येत, चढवा. तर म्हणले, घसा हाये, सुटंल बी. सगळा कार्यक्रम चार तारांवर केला. हिला हात लावला न्हाई."

मी ती तार पुन्हा एकदा छेडली.

मामी म्हणाल्या, "घरी आल्यावर मी म्हणलं, पोरगी आजारी का काय? तर म्हणले, आवाज साफ व्हता तिचा फोनवर. एकदम साफ."

त्यांना कळलं होतं. कळूनही त्यांनी तार उतरवली होती.

लाकडाची मान असती तर चार उन्हाळ्यांत वाकली असती. तारा कुठल्या कुठं गेल्या असत्या आणि त्यांच्यासोबत माझं खोटंही. पण ही मान वाकत नाही, असं मीच मोठ्या तोऱ्यात त्यांना शिकवलं होतं. ज्या सुरावर मामांनी माझी वाट बघितली, तो तिनं जसाच्या तसा धरून ठेवला होता.

प्रमोद आला. त्यानं छेडून बघितलं आणि सवयीनं खुंटीला हात घातला. मी त्याचा हात धरला. "जाड तार राहू दे."

"उतरलीय ना, ताई."

"उतरली नाही. उतरवलीय. पहिलं गाणं मी म्हणणार आहे."

दुसऱ्या दिवशी मी प्राचार्यांना स्वतः आमंत्रण दिलं. "मी गाणार आहे, सर. या." ते म्हणाले, "तुम्ही गाता?" मी म्हणाले, "गाऊनच शिकलेय."

राजूरला कार्यक्रम होता. मी चपला काढल्या, फळ्या दाबत गेले. तिसरी की चौथी फळी बरोबर लागली. प्रमोदनं जाड तार छेडली. त्याचा हात वेगळा आहे, जरा घाईचा. पण टाचेत आलं ते तेच होतं, आणि क्षणभर मी मागं वळून बघितलंच. मग गायले. आवाज दोन ठिकाणी फाटला. प्राचार्य टाळ्या वाजवत होते, स्टाफही होता. ते मला नंतर आठवलं.

गाणं संपलं. मी प्रमोदला मान हलवून खूण केली. त्यानं खुंटी पिळायला घेतली, तार हळूहळू घरी जायला लागली. ती सफेद सातवर पोचेपर्यंत मी टाच फळीवरून उचलली नाही.