न सापडलेलं टोक

सेगुलामावशी दुकानातून सामान घेऊन बाहेर पडायच्या आणि अर्ध्या तासाने रिकाम्या हातांनी परत यायच्या. मघाशी ज्या बाईच्या बाळाचं त्यांनी कौतुक केलेलं असे, ती अजून आत आहे का ते शोधायच्या. सापडली की बाबागाडीवर वाकून बाळाच्या गळ्याशी, बाहीशी, पाठीशी बोटं फिरवायच्या आणि निघून जायच्या.

मी त्या दुकानाच्या दारात शोमेर होतो, म्हणजे पहारेकरी. ठाण्याहून इथे इस्राएलमध्ये, ओफाकिम गावाला आलो तेव्हा माझी पन्नाशी जवळ आली होती. इथे मराठी कारकुनाला कोण विचारतो? एक गणवेश, एक प्लॅस्टिकची खुर्ची आणि धातू जवळ आला की किंचाळणारं हातातलं यंत्र मिळालं. दिवसच असे होते, की बसमध्ये बेवारशी पिशवी दिसली तर बॉम्बच्या भीतीने अख्खी बस रिकामी व्हायची. संशय घेण्याचा मला पगार मिळत होता; खरं सांगायचं तर मी तो फुकटही घेतला असता. माझी बायको म्हणते, कोणी नुसतं ‘शालोम’ म्हटलं तरी ह्यांना त्यात डाव दिसतो.

तर ह्या बाईत मला डाव दिसला. आधी वाटलं, बाळांच्या हातातली चांदीची वळी काढते. मग वाटलं, पोरं पळवणाऱ्यांना माहिती पुरवते. एक दिवस पिशवी उघडायला लावली. आत छोटी बॅटरी, एक भिंग आणि सुतळीला बांधलेलं लोहचुंबक. मी हिब्रूत विचारलं, “हे काय?”

“आपल्यातला दिसतोस,” त्या म्हणाल्या. “मराठीत विचार रे बाबा. लाज जरा कमी वाटते.”

“हे कशाला ठेवलंत?”

“कुणाला काय लागू नये म्हणून.”

ह्या उत्तराने माझं समाधान होणं शक्यच नव्हतं. मी मॅनेजरला सांगितलं, मॅनेजरने ‘तिला आत सोडू नकोस’ म्हटलं, आणि दुसऱ्या दिवशी मी मोठ्या ऐटीत त्यांना दारात अडवलं. त्या भांडल्या नाहीत. “बरं केलंस,” म्हणाल्या, “मला कुणीतरी थांबवायलाच पायजे होतं.” चोर असं बोलत नाही. पण सिनेगॉगमध्ये चार जणांच्या कानावर घालायचं ते मी घातलंच, आणि त्याची आज मला लाज वाटते.

मग त्या बाहेरच्या बाकावर बसून राहायच्या, आणि दूध-पाव मी आतून आणून द्यायचो. एका दुपारी मी सरळ विचारलं, “मावशी, पोलिसांना सांगता की मला सांगता?” तेव्हा त्यांनी सांगितलं.

इथल्या एका शिवणाच्या कारखान्यात त्यांनी बरीच वर्षं बाळांची झबली शिवली. तिथला नियम असा, की मशीनची सुई मोडली तर तिचे सगळे तुकडे शोधून कार्डावर चिकटवायचे, फोरमनला दाखवायचे, तेव्हा नवी सुई मिळायची. तुकडा सापडला नाही तर मशीन बंद, गठ्ठा बाजूला आणि सगळ्या बाया जमिनीवर ओणव्या.

“शुक्रवार होता,” मावशी म्हणाल्या. “शब्बाथ तोंडावर, अंधार पडायच्या आत घर गाठायचं, बस बाहेर उभी, घरी माझी मच्छी साफ करायची पडलेली. सुई मोडली नि टोक काय सापडेना. माझ्या डब्यात घरच्या मशीनची एक सुई होती. तिचं टोक मोडलं नि चिकटवलं. फोरमनने सही केली. गठ्ठा गेला. झबल्यांचा गठ्ठा रे!”

“कधीची गोष्ट?”

“पंधरा-सोळा वर्षं झाली असतील.”

“अहो, मग त्या बाळांना आता मिशा फुटल्या!”

“जगली असतील तर,” त्या म्हणाल्या.

ते टोक तिथेच थांबलं नव्हतं. नारळ खवला की करवंटीची कपची कुणाच्या घशात जाईल, बसमध्ये बसल्या त्या सीटवर आपल्या अंगावरून काही पडलं असेल, असं ते त्यांच्या आयुष्यभर पसरलं होतं. मुलगी ओर्ना हिचं बाळ तीन महिन्यांचं झालं होतं आणि मावशींनी ते अजून मांडीवर घेतलं नव्हतं. “माझ्या अंगावर काय असलं तर? परक्याच्या बाळाला बघून सोडता येतं. आपल्या बाळाला तर उराशी धरायचं असतं ना.” ओर्नाला वाटायचं, आईला नातू नकोसाच आहे.

मला अख्ख्या जगाचा संशय होता आणि ह्या बाईला फक्त स्वतःचा. मला काय बुद्धी झाली कोण जाणे. मी यंत्र उचललं आणि त्यांच्या तळव्यांवरून, बाह्यांवरून, पदरावरून फिरवलं. यंत्र गप्प. “बघा. काही नाही.” मावशी ढसाढसा रडल्या.

पुढच्या आठवड्यात ओर्नाकडे बाळाचा मलिदा, म्हणजे आमच्यातला देवाचे आभार मानायचा विधी होता. ताटात गोड पोहे, खोबरं, खजूर, फळं. एलियाहू हनवीचं, म्हणजे एलिया संदेष्ट्याचं, नाव घेऊन झालं. मी कोटाखालून यंत्र काढलं आणि सगळ्यांसमोर मावशींवरून फिरवलं. लोक हसले. मावशींनी बाळ घेतलं, आधी ताट धरावं तसं लांब, मग हळूहळू जवळ. ओर्ना हिब्रूत एवढंच म्हणाली, “इमा.” आई. मला वाटलं, आपण डॉक्टरच झालो.

दुसऱ्या दिवशी दुकान उघडायच्या आत त्या दारात हजर. “एकदा बघ रे.” मग दिवसातून दोनदा. मग चारदा. आणि एकदा बारीक डोळे करून त्यांनी विचारलं, “एवढंसं टोक तुझ्या मशीनला कळतं काय रे?”

मी घरी बायकोच्या सुईचं टोक मोडून ते आधीच पाहिलं होतं. यंत्र हूं की चूं करत नव्हतं. मी ‘कळतं’ म्हणालो, पण जरा उशिरा म्हणालो. त्या उशिराचा त्यांनी अर्थ लावला. त्या दिवसापासून बाळ पुन्हा दूर गेलं, आणि आता त्या स्वयंपाकही करेनात. मी उपकार म्हणून जे केलं, त्याने त्यांची भीती खाऊनपिऊन लठ्ठ झाली होती.

शेवटी ओर्नाने त्यांना डॉक्टरकडे नेलं. मग माझ्यापुढे येऊन हिब्रूत फटकारलं, “शोमेर, डॉक्टर म्हणतो, तिला तपासायचं नाही. आधी तुलाच सांगायला सांगितलंय.”

“रडल्या तर?”

“रडली तरी नाही. आणि ‘काही नाही’ असंही म्हणायचं नाही. मीही म्हणत नाहीये.” तिचे डोळे भरले होते.

दोन-तीन दिवसांनी मावशी, ओर्ना आणि बाळ अशी तिघं आली. मॅनेजरने बंदी उठवली होती. खोटं कशाला बोलू, ओर्नाने त्यालाही फटकारलं होतं. मावशींनी दारात दोन्ही हात पसरले. “बघ.”

मी यंत्र खुर्चीवर ठेवलं. “नाही बघणार, मावशी.”

“असलं तर?”

जिभेवर आलेलं ‘काही नाही हो’ मी गिळलं. आयुष्यात इतकं अवघड काही गिळलं नाही. “असलं तर असलं,” म्हणालो.

मागे रांग खोळंबली. कोणी रशियनमध्ये शिव्या घालत होतं, कोणी हिब्रूत. मावशींचे हात हवेतच होते. ओर्ना जमिनीकडे बघत उभी होती. मग ते हात तसेच खाली वळले, बाबागाडीत गेले, त्यांनी बाळाला उचलून खांद्याशी धरलं, आणि मावशी टमाटे बघायला आत गेल्या. सामान घेऊन तिघं घरी गेली, आणि अर्ध्या तासाने मी रस्त्याकडे बघत होतो. त्या परत आल्या नाहीत.

भीती काही संपली नाही. कधी कधी त्या माझ्यासमोर उभ्या राहायच्या, ओठ हलवायच्या आणि न विचारता निघून जायच्या. नातू चालू लागला, त्याचं बोट धरून यायच्या. तो सहा वर्षांचा असताना मावशी गेल्या, झोपेतच.

मी त्या दारात एकूण नऊ वर्षं काढली. राब्बींची पिशवी तपासली, मॅनेजरच्या आईची तपासली, माझ्या बायकोची तर रोज. न तपासता मी एकाच माणसाला आत सोडायचो, आणि तेच एकटं माणूस तपासा म्हणून हात पसरून माझ्यापुढे उभं राहिलं होतं.