बंद गावातला धूर

कृष्णाकाठच्या एका ओस गावातून वर चढणारा धूर अजून माझ्या डोळ्यांसमोरून हलत नाही. मी तेव्हा सातारा जिल्ह्याच्या दक्षिण भागात नवा फौजदार होतो. दुसरं महायुद्ध चालू होतं. त्या पावसाळ्यात नदीचं पाणी चढू लागलं तेव्हा सरकारनं युद्धकाळातले खास अधिकार वापरून हुकूम काढला. सखल गाव रिकामं करायचं, माणसं माळावरच्या छावणीत न्यायची, नावा सरकारी ताब्यात घ्यायच्या आणि परवान्याशिवाय गावात शिरेल त्याला विनावॉरंट अटक करायची. पूर ओसरल्यावरही बंदी कायम राहिली, कारण भिंती कोसळत होत्या आणि जनावरं कुजून पटकीची भीती होती. वाटेवरच्या ओढ्याला अजून पाणी होतं, त्यामुळे नावेशिवाय तिकडे जाता येत नव्हतं.

अशात छावणीत ओरड सुरू झाली. परवाना घेऊन घर बघून आलेले लोक सांगू लागले की हंडे, घागरी, दारांच्या कड्यासुद्धा गेल्या. चोर सापडेना.

एका दुपारी टेकडीवर मेंढरं चारणारा एक धनगर ठाण्यात आला. "फौजदारसायब, त्या गावात कोन तरी हाय. रोज चूल पेटती."

"धूर तू स्वतः पाहिलास?"

"व्हय. आन् मेंढरांची आन घेऊन सांगतो, भूतबीत न्हाई."

दोन शिपाई घेऊन मी नावेनं गेलो. गावात चिखलाचा आणि कुजक्याचा वास भरला होता. एका अर्ध्या पडक्या घराचं अंगण मात्र झाडून सारवलेलं होतं. चुलीपाशी चाळिशीचा एक शेतकरी भाकरी भाजत बसला होता. आम्हाला पाहून तो पळाला नाही. तवा उतरवला आणि हात पुढे केले.

शिपायानं त्याला ओळखलं. गाव हलवताना याची बायको दाव्याला राहिलेलं रेडकू सोडायला माघारी धावली होती आणि पाण्यानं तिला ओढून नेलं होतं. हा मागे उडी टाकणार, तोच आमच्या माणसांनी त्याला कमरेला धरून नावेत बसवलं होतं.

घरात चोरीचा माल नव्हता. मी विचारलं, "इथं आलास कसा?"

"पवत आलो."

"कोणाकोणाला पाहिलंस इथं?"

"कुनालाबी न्हाई."

ठाण्यात आणूनही तो तेवढंच सांगत राहिला. हवालदार म्हणाला, दोन ठेवून देऊ का? मी नको म्हटलं. मार खाणारा माणूस बहुधा आपल्याला हवं तेच बोलतो, खरं बोलतोच असं नाही. झडतीत निघालेल्या वस्तू मी पुन्हा पाहिल्या. तंबाखूची चंची कोरडी होती, काड्यापेटीही कोरडी होती. एक काडी त्याच्यासमोर ओढली, ती लगेच पेटली.

"पोहत आलेल्या माणसाची काड्यापेटी पेटते होय रे?"

त्याची मान खाली गेली. तो बोलला, "साहेब, त्याचं नाव घेतलं तर तो तिला हुडकायचं थांबवंल."

मग सगळं बाहेर आलं. सरकारी कामावरच्या एका नावाड्यानंच त्याला पोचवलं होतं. शिधा, तंबाखू तोच आणून देई. गावातले हंडे नावेत घालताना या शेतकऱ्यानं त्याला पाहिलं होतं. त्यावर नावाड्यानं त्याला शब्द दिला होता, 'तू गप ऱ्हा, मी खालच्या गावांत तुझ्या बायकोची चौकशी करतो.'

"पण तू चूल कशाला पेटवायचास?"

"ती आली तर लांबनं दिसंल, आपल्या घरात मानूस हाय म्हनून."

नावाड्याच्या मेहुण्याच्या कडब्याच्या गंजीत माल सापडला. नावाड्याला समोर उभा करून मी विचारलं, कुठकुठल्या गावांत चौकशी केलीस? तो पायाच्या अंगठ्यानं जमीन उकरू लागला. "खाली नाव न्यायला परवानगी कुठं हुती, साहेब?"

शेतकरी त्याच्या अंगावर धावला नाही. माझ्याकडे वळून त्यानं एवढंच विचारलं, "म्हंजी तिला कुनीच इचारलं न्हाई?"

मी त्याच दिवशी खालच्या सगळ्या ठाण्यांना आणि शेजारच्या संस्थानच्या पोलिसांनाही तारा केल्या. तिच्या हातावर तुळशीवृंदावन गोंदलेलं होतं, तेवढीच खूण. काही दिवसांनी सांगलीच्या खालच्या अंगाच्या एका गावाकडून उत्तर आलं. तशा खुणेची बाई काठाला लागली होती. पंचनामा करून गावकऱ्यांनी तिला अग्नी दिला होता.

शेतकऱ्यावर मनाई मोडल्याचा आरोप होता. मी त्याला साक्षीदार केला, मॅजिस्ट्रेटसाहेबांनी समज देऊन सोडलं. मग मी त्याला त्या गावी घेऊन गेलो. प्रेत सापडलं ते रान ज्यांचं होतं, त्या घरातली म्हातारी दारात आली. त्यानं विचारलं, "तिच्या अंगावर काय हुतं?"

"पान्यानं काय ऱ्हातंय बाबा? माझं हिरवं लुगडं नेसवलं. गळ्यात डोरलं हुतं, म्हंजी घरधनी जिता असनार. मग सवाष्णीवानीच पाठवाय नगं व्हय? वटी भरली, कुंकू लावलं."

तो तिच्या पायावर डोकं ठेवून रडला. तोवर मी त्याच्या डोळ्यांत पाणी पाहिलं नव्हतं.

तो हुकूम चुकीचा होता असं मी आजही म्हणणार नाही. त्यामुळे शेकडो जीव वाचले. पण गाव कसं हलवायचं, कोणाला अडवायचं, कोणाला धरायचं हे त्यात होतं. हरवलेल्या माणसाची चौकशी कोणी करायची, हे नव्हतं. पुढं नोकरीत पूर, आगी, साथी पुष्कळ पाहिल्या. प्रत्येक वेळी बंदोबस्त लावण्याआधी मी एक शिपाई फक्त त्या चौकशीसाठी बसवला. वरिष्ठांनी कधी कारण विचारलं नाही, मीही सांगितलं नाही.

चूल पेटवण्याचं त्याचं कारण तेव्हा मी जबाबात शब्दशः उतरवून घेतलं, पण मला ते वेडेपणाचं वाटलं होतं. आता माझी बायको जाऊन बरीच वर्षं झाली. संध्याकाळी सून दार लावायला उठते, तेव्हा मी म्हणतो, राहू दे गं अजून थोडा वेळ.