नऊवारीला पहिला नंबर

लग्न होऊन बालाघाटला आले तेव्हा मला साडी नेसण्याची एकच तऱ्हा येत होती: सहावारी, पदर डाव्या खांद्यावरून मागे. सासूबाई बारा महिने नऊवारी लुगड्यात. काष्टा घट्ट, पोटऱ्या उघड्या. धानाच्या रोवणीत गुडघाभर चिखलात उभं राहायला लुगडं तसंच लागतं, आणि गाव सोडून शहरात आल्या तरी त्यांनी ते बोटभरही खाली सोडलं नव्हतं. शेजारणी हिंदी, त्यांचा पदर उजव्या खांद्यावरून पुढे. "उल्टा पल्ला पहनती हो?" असं त्या विचारत, जणू मी चपला उलट्या घालून फिरत होते. सहा महिन्यांत मीही सीधा पल्ला घेऊ लागले.

यजमान सरकारी दफ्तरात बाबू होते. त्यांच्या साहेबांच्या बायकोला सगळे मेमसाब म्हणत. त्या महिला क्लबच्या अध्यक्ष होत्या; निवडून आलेल्या नव्हत्या, नवऱ्याबरोबर बदलून आल्या होत्या. एका हिवाळ्यात त्यांनी ठरवलं की क्लबच्या बायका साड्यांमधून अखंड भारत दाखवतील. प्रांतांची वाटणी नवऱ्यांच्या हुद्द्याप्रमाणे झाली. बंगाल मोठ्या डॉक्टरांच्या घरी गेला, गुजरातवरून दोघी आठ दिवस बोलेनाशा झाल्या, आणि कुणालाच नको असलेला मद्रास सर्वांत धाकट्या साहेबांच्या बायकोच्या गळ्यात पडला. महाराष्ट्र मेमसाबांनी स्वतःकडे ठेवला. नऊवारीत त्या उंच दिसतात, असं त्यांना कुणीतरी सांगितलं होतं.

"तुम तो मराठी हो," त्या मला म्हणाल्या. "एक नौवारी ले आना, और बाँध भी देना."

मला कुठलं बांधता येतंय? सासूबाईंचं ठेवणीतलं हिरवं लुगडं घेतलं, आणि सासूबाईंनाच बंगल्यावर नेलं. ओळख करून द्यायचं मात्र राहूनच गेलं. त्यांनी मेमसाबांना नेसवलं ते आपल्यासारखंच. मेमसाबांनी आरशात स्वतःच्या पोटऱ्या पाहिल्या आणि किंचाळल्या, "मैं तो मज़दूरनी लग रही हूँ!"

सासूबाईंना तेवढं हिंदी कळत होतं. त्या मला म्हणाल्या, "मंग कशी दिसाले पायजे? काम करनारी बाई तशीच दिसते. सांग तिले."

मी सांगितलं, "कह रही हैं, आप पर बहुत जँच रहा है."

लुगडं घोट्यापर्यंत सोडल्यावर मेमसाब दोनदा अडखळल्या. शेवटी म्हणाल्या, "छोड़ जाओ, मैं देख लूँगी."

कार्यक्रमाच्या दिवशी सासूबाई धुतलेलं लुगडं नेसून माझ्याबरोबर आल्या. दारावर छातीला फीत लावलेली एक मुलगी उभी होती. तिने मला आत सोडलं आणि सासूबाईंना अडवलं. "चाय वाली बाइयाँ पीछे से जाएँ."

सासूबाईंनी माझ्याकडे पाहिलं. मी दोन पावलं पुढे होते. ही माझी सासू आहे, एवढंच म्हणायचं होतं. मी पदर सारखा केला आणि जाऊन खुर्चीवर बसले. त्या मागून वळसा घालून आल्या आणि चहाच्या पातेल्याशेजारी बाकावर बसल्या.

मेमसाब मात्र त्या दिवशी एकदाही अडखळल्या नाहीत. परीक्षकांनी 'असली महाराष्ट्रीयन पहनावा' म्हणून त्यांना पहिला नंबर दिला. असली लुगडं नेसलेली बाई तेव्हा मागे कपबशा मोजणाऱ्यांत बसली होती. मी टाळ्या वाजवल्या.

आठ दिवसांनी चपराशी लुगडं देऊन गेला. सासूबाईंनी घडी उलगडली. मेमसाबांच्या शिंप्याने ते कापून त्याचे दोन पाय शिवले होते, कमरेला हुक लावले होते आणि निऱ्या कायमच्या टाचल्या होत्या.

"याचा पायजामा काहून केला वो?" एवढंच म्हणून त्यांनी ते काखेत मारलं आणि बंगल्याची वाट धरली. मी मागे धावले. "आत्याबाई, यांच्या नोकरीचा विचार करा!"

"नोकरी त्याची हाये. लुगडं माह्यं हाये."

व्हरांड्यात मेमसाब चार बायकांबरोबर चहा घेत होत्या. सासूबाईंनी लुगडं समोर धरलं आणि आपल्या हिंदीत म्हणाल्या, "पूरा दिया था. पूरा होना."

"लेकिन देखिए तो, कितनी सफ़ाई से सिला है!" मेमसाबांना खरंच नवल वाटत होतं. एकीने मला विचारलं, "ये कौन हैं?"

"मेरी सास हैं," मी म्हणाले.

"अरे, पहले बतातीं!" मेमसाब म्हणाल्या. म्हणजे आधी कळलं असतं, तर कात्री लावली नसती. दुसऱ्या कुणाचं असतं तर चाललं असतं.

परतताना सासूबाई फाटकाशी थांबल्या. मग म्हणाल्या, "तिनं लुगडं शिवलं. तू काहून तोंड शिवून बसली होती?"

दुसऱ्या दिवशी मेमसाबांनी भरपाई म्हणून फुलाफुलांची नायलॉनची सहावारी पाठवली. सासूबाईंनी तिला हातही लावला नाही. मी ती चार-पाच वर्षं नेसले. टिकाऊ होती.