खारातल्या आंब्यांची बरणी

सामान बांधायचं काम मला येतं असं मी जन्मभर समजत आलो. मुडी बांधण्यात आमच्या वाडीत माझा हात धरणारा कोणी नव्हता. भात गवतात घालायचं, गवताच्याच दोराने आवळायचं, मग दांडक्याने चहूकडून बडवून गोल करायचं. अशी मुडी माळ्यावरून खाली पडली तरी दाणा बाहेर येत नाही. पण मुडी बांधणं वेगळं आणि अख्खं घर बांधून नेणं वेगळं. ते आमच्या हिला येत होतं. ही म्हणजे माझी बायको. गेल्या दिवाळीच्या आधी गेली.

आता मुलगा म्हणतो, बाबा, एकटे राहू नका, सावंतवाडीला चला. चला तर चला. माझ्या नाही म्हणण्याला आता जोर नाही. भांडी बाहेर काढून बसलोय, आणि एकेक हातात घेतलं की आम्ही पहिलं घर सोडलं तो दिवस डोळ्यापुढे येतो.

गोवा तेव्हा अजून पोर्तुगीजांच्या हातून सुटला नव्हता. आम्ही खाडीकाठी राहत होतो, मी, ही आणि थोरला भाऊ, त्याला मी दादा म्हणे. खाडीचा बांध फुटला आणि खारं पाणी शेतात शिरलं. एक वर्ष वाट बघितली, दोन वर्षं बघितली. शेत सुधारलं नाही, उलट विहीरसुद्धा खारी झाली. त्या पाण्यात डाळ शिजेना. दादा म्हणाला, मी मासे मारून जगेन, तू जा. कट्टा गावाच्या पलीकडे माझ्या मामाची थोडी जमीन पडून होती. तिथे मातीच्या भिंती घातल्या, वर गवत टाकलं, आणि पौष सरल्यावर निघायचं ठरलं. खाडीने होडीतून वर जायचं, धक्क्यावर उतरायचं, पुढे बैलगाडी.

हिने आठवडाभर आधी बांधायला घेतलं. मी म्हटलं, दोन माणसांचा संसार, त्याला आठवडा कशाला? तिची एक रीत होती. रिकामं काही न्यायचं नाही. हंड्यात कळशी, कळशीत तांब्या, तांब्यात मूठभर तांदूळ, आणि मधल्या फटींत तूस दाबून भरलेलं. कंदिलाच्या काचा तिने भाताच्या टोपलीत उभ्या पुरल्या. जात्याच्या दोन पाळी, म्हणजे वरचा नि खालचा दगड, समोरासमोर ठेवून मधे गोणपाट घातलं, टाकीने मारलेल्या खाचा झिजू नयेत म्हणून. सुपाच्या पोटात रोवळी, रोवळीत लसूण. देव तांब्याच्या ताटात तांदळात बसवले आणि ताट माझ्याकडे दिलं, ते मी मांडीवर घेऊन बसायचं होतं. गवत आदल्या दिवशी पाणी मारून ओलं केलं होतं, कारण सुकं गवत गुंडाळताना मोडतं आणि मग त्याचा काही उपयोग राहत नाही. हे मला माहीत होतं, पण मी सांगायच्या आधीच तिने केलं होतं.

शेवटी एक बरणी राहिली. चिनी मातीची, वर तपकिरी, खाली पांढरी, कोपरभर उंच. त्यात खारातले आंबे. कोवळे आंबे मिठाच्या पाण्यात घालून ठेवतात आणि पावसाळ्यात पेजेबरोबर खातात, ते. ही बरणी तिच्या आईने चैत्रात भरून दिली होती आणि श्रावणात तिची आई गेली. ती गेल्यापासून हिने बरणीला हात लावला नव्हता. पावसाळाभर आम्ही पेज मिठाबरोबर खाल्ली. मीही मागितलं नाही.

मी म्हटलं, "ती हय दी. मुडयेत घालून बांधतंय."

"मुडी तुमी बडवतल्यात."

"बडवल्याबिगर मुडी कशी होतली?"

"म्हणानच नको."

"मगे पाणी वतून टाक. आंबे गवतात बांधूया, बरणी रिकामी न्हेऊया. हलकी होतली."

तिने माझ्याकडे बघितलं. "रिकामी बरणी नव्या घरात न्हेवची नाय. आवशीन सांगलेला."

तिच्या आवशीने, म्हणजे आईने, आणखी काय काय सांगितलं होतं ते मला विचारायचं होतं, पण गेलेल्या बाईबद्दल काय बोलायचं. तिने झाकणावर दोन पदरी फडका घातला, कडेला मेण लावलं आणि सुंभाने गळा आवळला. तिची ती गाठ मला कधी जमली नाही.

निघायच्या सकाळी दादाने गाऱ्हाणं घातलं. आमच्याकडे काहीही करायचं तर आधी देवाला सांगावं लागतं. नारळ पुढे ठेवून एकाने मोठ्याने सगळं बोलायचं आणि बाकीच्यांनी "व्हय म्हाराजा" म्हणायचं. दादाचा आवाज मोठा आणि मनात माया फार. त्याने ग्रामदेव घेतला, कुळाचा देव घेतला, वाडीच्या वेशीवरचा, वडाखालचा, खाडीतला, सगळे घेतले. "तुझा ह्या लेकरू घर सोडून जाता, तेच्या वाटेत काय वाकडा-नाकडा येत आसात तर ता दूर कर म्हाराजा." आम्ही म्हटलं, व्हय म्हाराजा. नारळ उचलणार तेवढ्यात त्याला आठवलं की विहिरीचा राखणदार राहिला. मधे घुसडलेलं चालत नाही. दादाने पुन्हा पहिल्यापासून सुरू केलं. खालून होडीवाला दोनदा ओरडला. दादा डोळे मिटून होता. मला कळत होतं की त्याला गाऱ्हाणं संपवायचंच नाही. ते संपलं की आम्ही जाणार होतो.

त्यात भरती गेली.

होडीवाला ओळखीचा होता, तोंडाने फटकळ. त्याने मुकाट्याने सामान भरलं, जातं आणि मुड्या खाली, भांडी वर. ही मधल्या फळीवर बसली, बरणी मांडीवर, दोन्ही हात बरणीभोवती, वर पदर. थोडं वर गेल्यावर त्याला राहवेना.

"वयनी, पोटाशी ह्या काय धरलात? झील काय चेडू?"

आम्हाला तेव्हा ना मुलगा होता ना मुलगी. लग्नाला बरीच वर्षं झाली होती आणि वाडीत त्यावरून बोलणं व्हायचं. त्याच्या ते ध्यानात नसावं. मी त्याला गप्प करणार होतो, पण त्याआधी हीच बोलली.

"माझी आवस आसा. मातसो सांबाळून चल."

तो खाली मान घालून वल्ही मारायला लागला.

खाडीच्या वळणावर होडीचा तळ घासला. आणखी दोन वल्ही मारली आणि होडी बसली. पाणी ओसरलं होतं, दोन्ही बाजूंना चिखल उघडा पडत चालला होता. होडीवाल्याने बांबू रोवून बघितला, जोर केला, होडी हलेना. ती एका अंगाला कलायला लागली. तशीच कलत गेली असती तर वरची भांडी पाण्यात गेली असती आणि मुड्या भिजल्या असत्या. त्यातल्या दोन मुड्या बियाण्याच्या होत्या. बियाण्याला खारं पाणी लागलं तर पुढल्या साली पेरायला काय?

होडीवाला मला म्हणाला, "सगळ्या देवांक सांगलात. भरतीक तेवढा सांगूक इसारलात."

"आता काय करूचा ता सांग."

"वजन कमी करा. जड आसा ता काठार न्हेया. आणि त्या बरणयेतला पाणी तरी वता."

बरणीतल्या पाण्याने होडी उचलली नसती, हे त्यालाही कळत होतं आणि मलाही. पण माणूस चिडला की हातापुढचं काहीतरी बोलतो. मीही बोललो. म्हटलं, "गो, वत ता पाणी. मीठ सगळीकडे मेळता."

तिने लुगड्याचा काचा वर खोचला, बरणी डोक्यावर घेतली आणि होडीतून खाली उतरली. पाणी गुडघ्यापर्यंत होतं, पण खालचा चिखल पाय धरणारा. एक पाय उपसायचा, पुढे टाकायचा, मग दुसरा. मी देवांचं ताट फळीवर ठेवलं आणि जात्याची एक पाळ खांद्यावर घेऊन तिच्या मागे उतरलो. काठाच्या जवळ तिचा पाय खोल गेला. ती कलंडली आणि कमरेपर्यंत चिखलात बसली. दोन्ही हात वर, बरणी हातांत. तोंडावर चिखल उडालेला. माझ्या खांद्यावर दगड, मला धावता येईना. तशीच बसून राहिली, आणि जवळ गेल्यावर म्हणाली, "माका नको. हिका धरा आधी."

मी पाळ चिखलात सोडली आणि बरणी धरली. फडका कोरडा होता. सुंभ जागच्या जागी. मग ती उठली.

आम्ही जातं, पाटा-वरवंटा, बियाण्याच्या मुड्या, सगळं काठावर आणलं. होडी सरळ झाली. पण वर जायला पाणी नव्हतंच, भरती येईपर्यंत बसायला हवं होतं. ही माडाच्या चुडतांच्या सावलीत बरणी जवळ घेऊन बसली. चिखल वाळून तिच्या पायांवर तडकला. होडीवाला बाजूला विडी ओढत बसला. विडी संपल्यावर तिच्याकडे न बघता म्हणाला, "वयनी, माझी आवस पण खारातले आंबे घालायची. माका ते कधी आवडाक नाय. आता कोण घालना नाय." हिने मान हलवली. एवढंच.

संध्याकाळच्या आत धक्क्याला लागलो. गाडीवाला वैतागून झोपला होता. नव्या घरात पोचलो तेव्हा दिवे लागले होते. एक काच फुटली नाही, एक तांब्या चेपला नाही. मी बांधलेली एक मुडी तेवढी गाडीत सुटली.

दुसऱ्या दिवशी शेजारपाजारची माणसं बघायला आली. नवीन कोण आलं, कुठल्या कुळाचं, कसलं सामान. ज्यांनी आधी भिंती घातल्या ते गडी होते, गाडीवालाही मुक्कामाला थांबला होता. हिने पेजेचं मडकं ठेवलं आणि पानं मांडली. मग बरणी आणली, सुंभ सोडला, मेण काढलं, आणि प्रत्येकाच्या पानावर एकेक आंबा ठेवत गेली. मी बघत राहिलो. आंबे संपत आले तरी तिचा हात थांबेना. शेवटचा माझ्या पानावर पडला. तिच्या पानावर नुसता खार.

माणसं गेल्यावर मी म्हटलं, "चिखलातसून डोक्यार घेवन इलंस, ती वाटूक?"

"रिकामी न्हेवची नाय इतक्याच आवशीन सांगलेला. भरलेली ठेवन घेवची असा नाय सांगूक."

"तुका एक तरी ठेवचो होतो."

ती भांडी घासत होती. हात न थांबवता म्हणाली, "आपला हय कोण आसा? आता आवशीच्या हातचा मीठ त्यांच्या पोटात गेला. ही माणसा आता आपली."

मला तेव्हा ते सगळं पटलं असं नाही. पण पुढे मुलगा झाला तेव्हा त्या आंबा खाल्लेल्यांतलीच बाई रात्रभर हिच्या उशाशी बसली. आणि दिवाळीआधी हिला उचललं त्या चार खांद्यांत दोन त्यांच्याच घरातले.

बरणीतला खार तिने ओतला नव्हता. पुढल्या चैत्रात नवे आंबे आणले, नवा खार उकळून निववला, आणि त्यात जुन्यातला पळीभर घातला. मग दरवर्षी तसंच. मी विचारलं नाही कशाला. कळत होतं. पावसाळ्यात पेजेबरोबर आंबा खाताना मी कधीकधी म्हणायचो, सासूबाई यंदा जरा खारट झाल्या. ती हसायची. एरवी ती फार हसणाऱ्यातली नव्हती.

गेल्या चैत्रात तिने घातलेले आंबे संपले. काही तिच्या बाराव्याला वाढले, काही मी खाल्ले. तळाला खार उरला आहे. सून म्हणाली, मामंजी, बरणी इथेच राहू दे, गाडीत फुटेल, तिकडे प्लास्टिकच्या डब्या आहेत. चांगली आहे पोर, मनात वाईट काही नाही. न्यायचीच असेल तर धुऊन देते, म्हणाली. मी नको म्हटलं. जरा जोरात म्हटलं असेन.

मुलाला सांगितलं, टेम्पो पंधरा दिवस पुढे ढकल. कशाला म्हणून विचारलं, तर म्हटलं आंबे अजून फार बारीक आहेत. तो बरं म्हणाला.

काल आंबे काढले. देठ ठेवून काढायचे असतात, तेवढं बघून माहीत होतं. धुतले, पुसले, सावलीत वाळवले. मीठ किती ते माहीत नव्हतं. ती बोट बुडवून जिभेला लावायची आणि हं म्हणायची. मी लावलं. खारट लागलं, त्यापलीकडे मला काही कळलं नाही. पाणी उकळलं, निववलं, तळातल्या जुन्या खारावर ओतलं, आंबे सोडले. बिघडतील कदाचित. बिघडले तर बिघडले, पण बरणी रिकामी जाणार नाही.

आज फडका घातला, मेण लावलं. गाठ तिची आली नाही, माझीच घातली. मग शेजारून मागून आणलेल्या गवताच्या दोन पेंढ्या घेतल्या, त्यांना काल रात्रीच पाणी मारून ठेवलं होतं, आणि बरणी मधे बसवून भोवती मुडी बांधायला घेतली. हात अजून विसरलेले नाहीत. मुडी बडवल्याशिवाय घट्ट होत नाही. ही मी बडवली नाही. हातांनीच दाबत दाबत आवळली.