तिठ्यावरचं लिंबू

हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. बायकोला तर नाहीच. वय झालं म्हणून आता सांगतोय असं समजू नका — वय काय, सगळ्यांचंच होतं.

बोईसरहून पामकडे जाणाऱ्या रस्त्यावर तेव्हा माझी पिठाची गिरणी होती. नव्वद साल उजाडायला अजून अवकाश होता. समोर तिठा, आणि तिठ्यावर जनीबाय सुकी मासळी विकायला बसायची. नवरा होडीवर गेलेला, परत आलाच नाही. तिला एक नाद होता. किनाऱ्यावर वाहून आलेल्या बोया, म्हणजे जाळ्यांचे तरंगते गोळे, फाटकी जाळी, कारखान्यांमागे टाकलेले पत्रे, ड्रमची झाकणं — येताना पाटीतून घेऊन यायची आणि तिठ्यावरच्या खांबांना तारेने बांधून काहीबाही उभं करायची. झाकणांचा मासा, चपलांचा पक्षी. कामगार सायकली थांबवून बघायचे. आमच्याकडे तिठ्यावर ठेवलेल्या वस्तूला कोणी हात लावत नाही, न जाणो कुणाचा उतारा असायचा. म्हणून तिचं सगळं टिकलं.

मग तिने एक माणूस उभा केला. पोटाच्या जागी मोठी बोय, एका हातात वाकडी ताटली. तोंड बरोबर माझ्या गिरणीकडे.

आता मनातलं बोलतो. दळणाच्या प्रत्येक डब्यातून मी मूठभर पीठ काढून ठेवत असे. कुणी विचारलंच तर म्हणायचं, घट येते. पोट माझंही सुटलेलं होतंच. ती दिवसभर समोर बसायची — तिने बघितलं नसेल कशावरून? ती वाकडी ताटली म्हणजे माझा तराजूच, दुसरं काय? कुणी त्या बाहुल्याकडे बघून हसलं की मी मान खाली घालून डबे सरकवत बसायचो. बायका डबे घेऊन येत, मागे वळून बघत, आपसात कुजबुजत. तेलाच्या भावाबद्दल असेल. मला ते माझ्याबद्दलच वाटायचं. चोराच्या मनात चांदणं म्हणतात ना, तसलं.

तिला विचारायचं धाडस मला झालं नाही. विचारलं असतं तर कबूल केल्यासारखंच झालं असतं — नाही का?

एका पहाटे गिरणी उघडायला आलो तेव्हा रस्ता रिकामा होता. खिशात लिंबू होतं, टाचण्या टोचलेलं, कुंकू लावलेलं. सोबत बिब्बा. घरूनच घेऊन निघालो होतो, म्हणजे तो क्षणाचा राग नव्हता. बाहुल्याच्या पोटामागे ते खोचलं. पहिलं गिऱ्हाईक आलं ते शेजारच्या आळीतली एक बाई, तिच्या पोराला कावीळ झालेली. मी तिला एवढंच विचारलं, ‘‘ते लिंबू कालपण होतं काय गं तिथं?’’

पुढचं मला करावं लागलं नाही.

जनीबाय करणी करते असं गावभर झालं. तिच्या हातची मासळी कुणी घेईना. पोरं तिला बघून रस्ता बदलू लागली. कुणीतरी रॉकेल ओतून तिठ्यावरचं सगळं जाळलं. मी गिरणीचा पट्टा चालू ठेवला आणि बघत राहिलो. मला हायसं वाटलं. हो, हायसंच वाटलं.

माकुणसारला बहिणीकडे कायमची निघाली त्या दिवशी जनीबाय गिरणीच्या पायरीशी आली. आत नाही आली, पायरीशीच थांबली.

‘‘भाऊ, तुमी पहाटे येता. लिंबू ठेवताना कोन दिसला काय?’’

‘‘नाय.’’

‘‘दिसला असता तर तुमी सांगितलंच असतं.’’ मग म्हणाली, ‘‘तो बावला म्हंजे माझा घरवाला होता. त्या दिवशी न जेवता गेला, म्हणून हातात ताटली दिली. सगली लोकं हसली त्याला. तुमी एकटे कदी नाय हसलात.’’

अजूनही सांगता येत होतं — नाही का? दोन पावलांवर तर उभी होती.

सामानाने भरलेली पाटी तिने जमिनीवर ठेवली होती. भरली पाटी एकट्याने डोक्यावर चढत नाही, दुसऱ्या कुणी हात द्यावा लागतो. पण तिच्या पाटीला त्या दिवसांत गावात कुणी शिवत नव्हतं.

‘‘हात द्या भाऊ,’’ ती म्हणाली.

मी हात दिला.