सहा लाख अकरा हजार नऊशे त्रेपन्न

आखातात, दार्सैतच्या आमच्या खोलीत माझ्या शेजारच्या खाटेवर झोपणारे काका हे जगातले एकमेव गृहस्थ असावेत, ज्यांना माणसाचं नाव लक्षात राहत नसे, पण त्याच्या गाडीच्या नंबराला कशाकशानं भाग जातो ते पाठ असे. गाला नावाच्या भागातल्या एका वर्कशॉपमध्ये ते टर्नर होते. हात लेथवर, नजर समोरच्या गाडीच्या नंबरावर. अर्बाब, म्हणजे मालक, "यल्ला, यल्ला!" करत घाई करायला आला की म्हणायचे, "थांबा साहेब, एकोणीसनं बघतोय." टॅक्सीला हात करायचे आणि ती थांबली की "छे, तीननं जातो, फुसका" म्हणून सोडून द्यायचे. भर उन्हात त्यांच्यामागे उभे राहून आम्ही मनात जे बोलत असू ते छापण्याजोगं नाही.

पण हा सगळा सराव होता चिपळूणजवळच्या गावातल्या त्यांच्या मुलीसाठी. दोन वर्षांतून एकदा येणाऱ्या या बापाशी ती बोलायला लाजे. चहा ठेवून आत पळे. मग काकांनी युक्ती काढली. रजेवर जाणाऱ्या कोणाच्याही हाती ते चिठ्ठी देत. चिठ्ठीत एकच मोठा आकडा, तीन मूळ संख्यांचा गुणाकार करून काढलेला. ती तो फोडून अवयव पोस्टानं कळवी, आणि खाली दोन ओळी जास्तीच्या: गाय व्याली, आईचा गुडघा दुखतो. "बघितलंस?" काका पत्र नाचवत म्हणत, "आकडा फुटला की पोरगी बोलते!"

ती दहावीला असताना त्यांनी ६११९५३ पाठवला आणि पत्रं थांबली. सात महिने. शेवटी काकांनी कच्ची वही उघडली. ५९५१ला १०३नं गुणताना तीनच्या ओळीत हातचे दोन होते, यांनी एकच धरला होता. त्यातून जी संख्या झाली ती स्वतःच मूळ निघाली, दुसऱ्या कशानंही भाग न जाणारी. पोरीच्याच काय, बापाच्या हातूनही ती फुटणार नव्हती.

त्यांनी गावात शेजाऱ्यांकडे फोन लावला. "अगं, चूक माझी होती!"

"माझं मन राखायला म्हणताय, बाबा. तुम्ही कसे चुकाल? माझेच भागाकार चुकत होते. नाही जमत मला गणित. आर्ट्सला नाव घातलंय."

काकांनी मग सातशे त्र्याहत्तरपर्यंतच्या एकूण एक मूळ संख्येनं तो आकडा भागला. त्यापुढे बघावं लागत नाही म्हणे. एकशे सदतीस भागाकार, सुवाच्य अक्षरात. बाकी शून्य कुठेच नाही. ते पाकीट माझ्या रजेत मीच नेलं. मुलीनं ते घेतलं, न उघडता फळीवर ठेवलं आणि विचारलं, "बाबा वेळेवर जेवतात ना?"

परत आलो तर काका विमानतळावर हजर. "उघडलं तिनं?"

थापा मारण्यात माझा हात आजवर कोणी धरलेला नाही. "म्हणजे काय! पान न् पान वाचलं. म्हणाली, सगळे भागाकार बरोबर आहेत."

"सगळे?"

"सगळे!"

काकांनी माझी बॅग उचलली.

"चौथ्या पानावरचा एक मी मुद्दाम चुकवला होता," ते म्हणाले. "म्हटलं, तेवढं कळवायला तरी लिहील."

मी बॅग परत घ्यायला हात पुढे केला.

"घाईत तिचं राहिलं असेल रे बघायचं," त्यांनी माझीच समजूत घातली आणि बॅग दुसऱ्या हातात घेतली.