बाबांच्या काळ्या डब्यातली डिस्क

माधवगंजात बाबांचा फोटो स्टुडिओ आहे. बाबा आठवीपर्यंत शिकले, आई त्याहून कमी. कॉलेजात जाणारी घरातली पहिली मीच, त्यामुळे मिक्सरपासून मोबाइलपर्यंत जे बिघडेल ते माझ्यापुढे येतं. मी कम्प्युटर शिकते हे खरं, पण तोवर उघडं कॅबिनेट मी लॅबमध्ये, पुढच्या मुलांच्या खांद्यांवरून तेवढं पाहिलं होतं.

त्या सकाळी थाटीपुरच्या एक ताई आल्या. त्यांची आई गेली होती आणि परवा तेरावा होता. आईचा एकटीचा फोटो घरात सापडत नव्हता. ताईंच्या मुलाच्या मुंजीचे फोटो बाबांनी काढले होते. अल्बममध्ये न लावलेला एखादा असेल, एवढ्या आशेवर त्या आल्या होत्या.

"आहेत ना, सगळे ठेवलेत," म्हणत बाबांनी काळा डबा कम्प्युटरला जोडला. ही आमची बाहेरून जोडायची हार्ड डिस्क. इतक्या वर्षांचं सगळं काम तिच्यात, आणि दुसरी प्रत कुठेच नाही. डब्यावरचा दिवा लागला, पण पडद्यावर काही आलं नाही. वायर बदलली, तरी नाही. बाबा ताईंना चार वाजता यायला सांगून डबा पलीकडच्या कम्प्युटर दुरुस्तीच्या दुकानात दाखवून आले. "अंकलजी, डाटा गया समझो," असं तिथला म्हणाला होता.

बाबांनी डबा माझ्यापुढे ठेवला. "कॉलेजात हेच शिकवतात ना, बेटा?"

"हेच नाही बाबा. मतलब, थोडं थोडं."

"मग थोडं थोडंच कर."

मी कानाला लावून ऐकलं. आत डिस्क फिरत होती, एकसारखी, खडखड न करता. सरांनी एकदा सांगितलं होतं की अशा डब्यात एक छोटी पट्टी असते. डिस्कचं बोलणं ती यूएसबीच्या वायरीपर्यंत पोचवते. कधी कधी डिस्क ठीक असते, पट्टीच जाते. मला खात्री नव्हती. तसं मी बाबांना सांगितलंही.

डब्याला स्क्रू नव्हते. फोटो कापायची स्टीलची पट्टी फटीत घालून दाबली, तर कट् करून आतला एक खटका तुटला. बाबांनी डोळे मिटले, पण थांब म्हणाले नाहीत. झाकण निघालं आणि मी बघतच राहिले. आत वेगळं काहीच नव्हतं. कम्प्युटरच्या पोटात असते तशीच साधी डिस्क, तशाच दोन चपट्या खाचा. नखाएवढ्या भागांची हिरवी पट्टी तेवढी तिला चिकटली होती. ती हळूच ओढून काढली.

कम्प्युटर बंद केला, प्लग काढला, अंगातली स्थिर वीज निघून जावी म्हणून कॅबिनेटच्या पत्र्याला हात लावून घेतला. मदरबोर्डवर एक जागा रिकामी होती, पण जादा वायर नव्हती.

"डीव्हीडीची काढ," बाबा म्हणाले. "आता कोण मागतं डीव्हीडी."

तिच्याच दोन्ही वायरी डिस्कला लावल्या आणि डिस्क एका जुन्या अल्बमवर आडवी ठेवली. कम्प्युटर सुरू केला. काही नाही. परत सगळं बंद करून पाहिलं, तर एक वायर अर्धीच बसली होती. ती नीट दाबली.

या वेळी पडद्यावर नवा ड्राइव्ह आला. उघडला, तर फोल्डरांची रांग संपेचना. इतक्या लोकांची लग्नं, बारशी, साखरपुडे त्या तळहाताएवढ्या लोखंडात फिरत होते, आणि मी त्यांना दोन वायरींनी बोलावलं होतं.

मग नावं वाचली. एकाही गिऱ्हाइकाचं नाव नव्हतं. 'नवरा हसत नाही'. 'पिवळा फेटा'. 'बत्ती गेली दोनदा'.

"बाबा, ह्यात शोधायचं कसं?"

"नावं विसरतो मी. काय झालं ते नाही विसरत."

चारला ताई आल्या. बाबांनी विचारलं, "मुंजीच्या दिवशी काय झालं होतं, ताई? कोणी रुसलं, काही बिघडलं?"

ताईंना आधी कळेना. मग म्हणाल्या, "श्रीखंड कमी पडलं होतं. आईच सगळ्यांना सांगत फिरत होती."

मी फोल्डरांच्या रांगेत खाली सरकत गेले. 'श्रीखंड संपलं' तिथे होतं.

फोटोत त्यांची आई स्वयंपाकघराच्या दारात उभी होती, हातात रिकामं पातेलं, आणि खूप हसत होती. ताई बराच वेळ बघत राहिल्या.

"तेराव्याला असा हसता चालेल का हो?"

"त्या हसतच होत्या," बाबा म्हणाले. "मी काय करू?"

ताईंनी डोळे पुसले. "पातेलं कापू नका मात्र. राहू दे."

प्रिंट निघेपर्यंत कुणाचा धक्का लागू नये म्हणून मी अल्बमपाशी हात आडवा धरून बसले. डिस्क कोमट झाली होती. ताई गेल्यावर बाबांनी डिस्कला एका बोटाने स्पर्श केला आणि ते बोट तसंच ठेवलं.

"फिरतंय," ते म्हणाले. मग थोड्या वेळाने, "बेटा, ह्याची दुसरी प्रत कशी करतात?"

हे मात्र मला येत होतं.